बंद स्किड स्टिअर लोडर विकत घेताना: आधी हलवण्याचा हिशेब, मग किमतीचा

गोठ्यातील शेण ओढणे, शेणखत ट्रॉलीत भरणे, मूरघासाच्या खड्ड्यातून चारा काढणे, कोंबड्यांच्या शेडमधील जुने तूस बाहेर काढणे ही कामे आता माणसांच्या बळावर वेळेत होत नाहीत. एक म्हैस दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण देते. पन्नास म्हशींच्या गोठ्यात हा आकडा पाऊण ते एक टनापर्यंत जातो, आणि तो रोजचा असतो. अशा ठिकाणी स्किड स्टिअर लोडर उपयोगी पडतो. अरुंद गल्लीत शिरतो, जागच्या जागी वळतो आणि बकेट बदलून इतर कामेही करतो.

नवे यंत्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. मग नजर जाते ती मुंबईच्या उपनगरांकडे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागांतील कंत्राटदारांच्या आवारात, गाळ्यांमागे, कामाच्या जागेच्या कडेला अशी जुनी यंत्रे उभी असतात. त्यातले एखादे "बंद आहे, घेऊन जा" म्हणून स्वस्तात मिळते. पालघर, वसई, शहापूर, मुरबाडकडील शेतकरी आणि खुद्द उपनगरांतील तबेलेवाले अशी यंत्रे पाहायला जातात.

हा सौदा फायद्याचा ठरू शकतो. मात्र एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. बंद स्किड स्टिअरला चार चाके असली तरी ती फिरत नाहीत. म्हणून ते ढकलायचे वाहन नसून उचलायचे ओझे आहे असे समजूनच किंमत ठरवावी.

थोडक्यात महत्त्वाचे

- यंत्र तिथून बाहेर कसे काढणार आणि आपल्याकडे कसे उतरवणार, हे ठरल्याशिवाय इसार देऊ नये.
- वर उचललेल्या आर्मखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये.
- बंद यंत्र ट्रॅक्टर किंवा जेसीबीमागे बांधून रस्त्याने ओढत नेऊ नये.
- इंजिन आणि हायड्रॉलिक पंप दोन्ही निकामी असतील, तर भंगाराच्या भावापेक्षा जास्त पैसे देऊ नयेत.

हे यंत्र बंद पडल्यावर हलत का नाही?

या यंत्राचा जन्मच गोठ्यासारख्या कामासाठी झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रोथसे गावाजवळ सिरिल आणि लुई केलर या भावांचे वर्कशॉप होते. १९५७ मध्ये त्यांनी टर्की पक्ष्यांच्या शेडमधील विष्ठा काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला, १९६० मध्ये चार चाकांचे मॉडेल आले आणि त्यानंतर "बॉबकॅट" हे नाव पडले. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या स्किड स्टिअरला लोक सरसकट बॉबकॅट म्हणतात, तर काही ठिकाणी जेसीबीच्या मॉडेलवरून "रोबोट" म्हणतात. सौदा करताना मात्र कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक नेमका विचारावा. सुटे भाग त्यावरूनच मिळतात.

या यंत्रात ट्रॅक्टरसारखा क्लच आणि गिअरबॉक्स नसतो. इंजिन हायड्रॉलिक पंप फिरवते. पंपातील तेल दाबाने डाव्या व उजव्या बाजूच्या मोटरींकडे जाते. मोटर चेन फिरवते आणि चेन त्या बाजूची दोन्ही चाके फिरवते. एका बाजूची चाके पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की यंत्र जागेवर वळते.

इंजिन बंद असले की पंप बंद, आणि मोटरीत तेल अडकून राहते. त्यामुळे चाकेही अडकतात. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागतो आणि तो सोडवायला तेलाचा दाब किंवा वीज लागते. म्हणजे "न्यूट्रल करून ढकलू" हा मार्ग इथे नाही. काही मॉडेलमध्ये पंपावर बायपास झडप असते, सगळ्यांत नसते. ती आहे का आणि किती सोडायची, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. अंदाजाने नट सोडू नयेत.

यंत्राने आधी कोणते काम केले, ते विचारावे

उपनगरांतील यंत्रांचे पूर्वायुष्य शेतावरच्या यंत्रापेक्षा वेगळे असते. ते कळले की पाहणी कुठे बारकाईने करायची ते कळते.

- नालेसफाई: पावसाळ्यापूर्वी मुंबईतील नाल्यांत लहान यंत्रे क्रेनने खाली उतरवून गाळ काढला जातो. सांडपाण्यात काम केलेल्या यंत्राची वायरिंग, चाकांचे बेअरिंग, तेलसील आणि खालचा पत्रा आधी खराब होतो.
- रस्ते व बांधकाम: काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावून वापरलेल्या यंत्रात आर्मच्या पिना, बुश आणि वेल्डिंगच्या जोडांवर ताण आलेला असतो.
- पुरात बुडालेले यंत्र: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पूर रोज येत नाही, पण सखल भागात पाणी भरणे दर पावसाळ्यात होते. सीटखाली चिखलाची रेघ, दिव्यांच्या आत सुकलेली माती, मीटरच्या काचेत धुके अशा खुणा दिसल्या तर यंत्र बुडालेले होते असे समजावे.

रस्त्यांची कामे पावसाळ्यापूर्वी थांबतात, तेव्हा यंत्रे आवारात परत येतात आणि विक्रीलाही निघतात. पण पाऊस सुरू झाल्यावर घेतलेले यंत्र चिखलात उतरवणे कठीण जाते. यंत्र मेअखेरीपर्यंत आपल्या जागेवर पोहोचत नसेल, तर सौदा दिवाळीनंतर करणे बरे.

"बंद" म्हणजे नेमके काय?

"फक्त बॅटरी नाही, बाकी सगळे ठीक आहे" हे वाक्य बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळते. बंद पडण्याचे चार प्रकार आहेत आणि चारींची किंमत वेगळी आहे.

१. सेल्फ मारल्यावर काहीच होत नाही. बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, सेल्फ मोटर यांत दोष असू शकतो. या यंत्रात सीटवर माणूस बसल्याशिवाय आणि पुढचा सुरक्षा दांडा खाली घेतल्याशिवाय काही क्रिया चालू न होण्याची व्यवस्था असते. त्यातला एखादा स्विच बिघडला तरी यंत्र मेल्यासारखे वाटते. हा दोष स्वस्तात निघतो. मात्र इंजिन जाम असले तरी हेच लक्षण दिसते.

२. इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. डिझेल फिल्टर तुंबणे, लाइनमध्ये हवा, डिझेल बंद करणारा सोलेनॉइड निकामी होणे ही साधी कारणे. कॉम्प्रेशन गेले असेल तर इंजिन खोलावे लागते.

३. इंजिन सुरू होते, पण यंत्र चालत नाही. ब्रेकचा सोलेनॉइड असेल तर खर्च कमी. पंप किंवा ड्राइव्ह मोटर असेल तर हा सर्वांत महाग दोष ठरतो.

४. चालते, पण आर्म उचलत नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह, सिलिंडरचे सील किंवा सुरक्षा स्विच तपासावा लागतो.

इंजिन सुरूच होत नसेल तर तिसरा आणि चौथा दोष आहे की नाही हे कळू शकत नाही. बंद यंत्र घेण्यातला खरा धोका हाच आहे. म्हणून किंमत ठरवताना न दिसलेल्या दोषांसाठी वेगळी रक्कम धरावी लागते.

पाहणी कशी करावी?

सोबत हायड्रॉलिकची माहिती असलेला मेकॅनिक न्यावा. स्वतःची चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी, जाड केबल, पाच लिटर स्वच्छ डिझेल, टॉर्च, पहार, जॅक, पाना-सेट आणि तेलाचे नमुने घेण्यासाठी पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. पाहणी पुढील क्रमाने करावी.

- आर्म खाली आहे का? वर असेल तर आधी त्याला आधार द्यावा. नंतरच पाहणी सुरू करावी.
- इंजिन तेल: डिपस्टिकवरचे तेल दुधासारखे असेल तर त्यात पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या फार वर असेल तर पाणी किंवा डिझेल मिसळले असू शकते. अशा वेळी सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो.
- इंजिन फिरते का? क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावेत. जोर न लावता फिरले तर इंजिन जाम नाही.
- हायड्रॉलिक तेल: थोडे बाटलीत घ्यावे. दुधाळ म्हणजे पाणी, करपट वास म्हणजे तेल जास्त तापलेले. फिल्टर काढता आला तर त्यात चमकणारे धातूचे कण आहेत का ते पाहावे. कण दिसले तर पंप किंवा मोटर झिजली आहे.
- चेन केस: चाकांच्या आतल्या बाजूला चेन तेलात बुडालेली असते. झाकण उघडून तेलात पाणी, गाळ किंवा लोखंडाचा चुरा आहे का ते पाहावे. नाल्यात काम केलेल्या यंत्रात हे टाळू नये.
- चाके: भक्कम जमिनीवर जॅक लावून, खाली ठोकळे देऊन चाक हलवून पाहावे. खेळ जास्त असेल तर अ‍ॅक्सलचे बेअरिंग गेले. चारही टायर एकाच मापाचे असावेत.
- आर्म, पिना, बुश: जमिनीवर टेकलेली बकेट पहारीने हलवावी. सांध्यांत खडखड किती आहे ते कळते. आर्मच्या वेल्डिंगवर रंगाखाली तडे शोधावेत.
- सिलिंडरचे दांडे: त्यांवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सील टाकूनही तेल गळत राहते.
- केबिनचा सांगाडा: यंत्र उलटले तर चालकाचा जीव वाचवणारा हाच भाग. तो कापून, वाकवून पुन्हा जोडलेला असेल तर यंत्र घेऊ नये.
- चावी आणि पासवर्ड: काही मॉडेल चावीऐवजी अंकी पासवर्डने सुरू होतात. पासवर्ड मालकाकडून लेखी घ्यावा. इलेक्ट्रॉनिक पॅनेल आणि कंट्रोलर जागेवर आहेत का ते पाहावे. बंद यंत्रातून हे भाग आधी काढले जातात.

सगळे ठीक दिसले तरच वेगळ्या डब्यातून स्वच्छ डिझेल देऊन इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करावा. दाबाखालील तेलाची बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत घुसले तर जखम छोटी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी तासाभराचाही उशीर न करता रुग्णालयात जावे आणि "दाबाचे तेल शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

किंमत उलटी मोजावी

विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीपासून सुरुवात करू नये. त्याच मॉडेलचे, साधारण त्याच वयाचे चालू यंत्र किती रुपयांना मिळते ते शोधावे आणि त्यातून एकेक खर्च वजा करत खाली यावे. पुढील आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत, हे बाजारभाव नाहीत.

- चालू यंत्राची किंमत समजा: ८,००,००० रुपये
- दिसलेल्या दोषांची दुरुस्ती वजा: २,२०,०००
- न दिसलेल्या दोषांसाठी राखीव (दुरुस्तीच्या निम्मे) वजा: १,१०,०००
- टायर, बॅटरी, बकेट वजा: ६०,०००
- क्रेन, वाहतूक, उतरवणे वजा: ४५,०००
- कागदपत्रे व किरकोळ वजा: १५,०००
- उरलेली रक्कम: ३,५०,०००

ही साडेतीन लाखांची रक्कम म्हणजे वरची मर्यादा. तेवढे देऊन आपल्याला चालू यंत्राइतकाच खर्च येतो, शिवाय वेळ आणि जोखीम आपली. म्हणून बोली याच्या खालीच लावावी. विक्रेता साडेचार लाखांवर अडून बसला तर एकूण खर्च नऊ लाख होतो. त्यापेक्षा आठ लाखांचे चालू यंत्र घेतलेले बरे.

कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान नव्या यंत्रांसाठी असते. जुन्या यंत्राच्या हिशेबात ते धरू नये.

कागदपत्रे

चाकांवर चालणारी अशी यंत्रे मोटार वाहन नियमांत बांधकाम उपकरण वाहन या वर्गात येतात. काही यंत्रांची आरटीओ नोंदणी असते, तर फक्त आवारात वापरलेल्या काहींची नसते. उपनगरांतील नोंदणी अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) किंवा बोरिवली (एमएच-४७) कार्यालयाची असू शकते.

- नोंदणी असेल तर आरसीवरील चासिस व इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी स्वतः जुळवावेत.
- आरसीवर बँक किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तिचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. बोजा असलेले यंत्र पैसे देऊनही आपले होत नाही.
- हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३०, आणि दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत नोंदणी न्यायची असेल तर फॉर्म २८ लागतो.
- नोंदणी नसेल तर मूळ खरेदीचे बिल मागावे. तेही नसेल तर सौदा सोडून द्यावा. चोरीचे यंत्र निघाले तर पैसे आणि यंत्र दोन्ही जातात.
- विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल तर कराचे बिल घ्यावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वाहतूक असली तरी मालाची किंमत एक लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल लागते.
- करारात यंत्राचा अनुक्रमांक, सोबत मिळणाऱ्या वस्तू, आवारातून नेण्याची शेवटची तारीख आणि गाडीवर चढवण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे. इसार थोडा द्यावा आणि मोठी रक्कम यंत्र गाडीवर चढल्यावर द्यावी.

दुरुस्ती मुंबईत की गावी?

मुंबईत यंत्र दुरुस्त झाले तर ते स्वतः चालत गाडीवर चढते आणि गावी स्वतः उतरते. क्रेनचा दोन वेळचा खर्च वाचतो, शिवाय पंप आणि मोटर ठीक आहेत की नाही हे पैसे पूर्ण देण्याआधी कळते. म्हणून दोष लहान वाटत असेल तर विक्रेत्याकडून चार-आठ दिवस मागून तिथेच दुरुस्ती करावी. कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार, साकीनाका आणि मरोळ भागातील वर्कशॉप जवळ असतात.

दोष मोठा असेल आणि विक्रेता जागा द्यायला तयार नसेल, तर यंत्र उपनगरातल्याच हायड्रॉलिक वर्कशॉपमध्ये न्यावे किंवा थेट गावी. गावी नेताना मात्र आपल्या तालुक्यात हे काम करणारा मेकॅनिक आहे का, याची खात्री आधी करावी. नाहीतर एका पंपासाठी यंत्र वर्षभर गोठ्यामागे उभे राहते.

हलवण्याची पद्धत

*१. आर्म खाली आणणे.* आर्म वर असताना यंत्र बंद पडले असेल, तर ते केवळ सिलिंडरमधील तेलावर तोललेले असते. पाइप फुटला किंवा नट सैल झाला की ते क्षणात खाली येते. चालकाच्या चढण्या-उतरण्याची वाट त्याच आर्मखालून जाते, म्हणून केबिनमध्येही शिरू नये. आर्मला आधार देण्याचा लोखंडी अडसर यंत्रावर असेल तर बाजूने उभे राहून लावावा, नसेल तर क्रेनच्या पट्ट्यांनी आर्म धरून ठेवावे. अनेक मॉडेलमध्ये इंजिन बंद असताना आर्म हळू खाली सोडण्याची खुंटी असते. तीही आर्मला आधार मिळाल्यावर, माहीतगार मेकॅनिकनेच वापरावी.

*२. क्रेनने उचलणे.* हा सर्वांत चांगला मार्ग. वजन अनुक्रमांकाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत पाहावे. लहान मॉडेल सव्वा टनाच्या आसपास असते, मधली मॉडेल अडीच ते साडेतीन टनांपर्यंत जातात. हायड्रा क्रेन बोलावताना फक्त तिची टनांची क्षमता विचारू नये. बूम जितका लांब जाईल तितकी क्षमता कमी होते. क्रेन यंत्राच्या किती जवळ उभी राहू शकते ते मोजून क्रेनवाल्याला सांगावे. चार ठिकाणी उचलायच्या कड्या असतील तर त्यांनाच पट्टे लावावेत. केबिनच्या पाइपला किंवा बकेटला लावून उचलू नये. यंत्राचा मागचा भाग जड असतो, तेव्हा आधी जमिनीपासून वीतभर उचलून तोल पाहावा. ओझ्याखाली माणूस नको. दिशा देण्यासाठी दोरी बांधून लांबून धरावी. गल्लीतील विजेच्या तारांपासून बूम किमान तीन मीटर लांब राहील अशी जागा निवडावी. उच्चदाबाच्या तारा असतील तर अंतर आणखी वाढवावे.

*३. ओढून चढवणे.* क्रेन आत येऊ शकत नसेल तरच हा मार्ग घ्यावा, आणि तोही गाडीवर चढवण्यापुरत्या काही मीटरसाठी. चाके फिरत नाहीत, घासत येतात. विंच किंवा चेन पुलीने अगदी सावकाश ओढावे. टायरखाली ग्रीस लावलेली लोखंडी प्लेट दिली तर जोर कमी लागतो. साखळी किंवा वायररोप यंत्राच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा असावा. तो तुटला तर चाबकासारखा मागे येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. बकेट टेकलेली असेल तर ती काढून घ्यावी किंवा तिच्याखाली प्लेट द्यावी. उतार चढवताना यंत्राचा जड मागचा भाग वरच्या बाजूला ठेवावा.

*४. गाडी आणि बांधणी.* गाडीची भारक्षमता आरसीवर पाहावी. तीन टनांचे यंत्र दोन-अडीच टनांच्या टेम्पोत घालू नये. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ब्रेक न लागण्याचा धोका तर दंडापेक्षा मोठा. यंत्र गाडीच्या मधोमध ठेवून बकेट फळीवर टेकवावी, चाकांना पुढून-मागून पाचर द्यावी आणि चार कोपऱ्यांना साखळी व रॅचेटने ताणून बांधावे. काथ्याच्या किंवा नायलॉनच्या दोरीवर भरवसा ठेवू नये. बॅटरीची तार काढावी, मागचे दार बांधावे, सायलेन्सरच्या तोंडावर पिशवी बांधावी. पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी थांबवून साखळ्या पुन्हा ताणाव्यात.

*५. वेळ आणि मार्ग.* मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांवर बंदी असते आणि तिच्या वेळा बदलतात. वाहतूक पोलिसांकडून चालू वेळा विचारूनच क्रेन आणि गाडी ठरवावी. रस्त्यावर क्रेन उभी करायची असेल तर जवळच्या वाहतूक चौकीला आधी कळवावे. अंधेरी-बोरिवलीहून वसई-पालघरकडे पश्चिम द्रुतगती मार्गाने दहिसरवरून, तर घाटकोपर-मुलुंडहून शहापूरकडे पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे-भिवंडीवरून जाता येते. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, ट्रकचा नाही. तो भाड्यात धरलेला आहे का ते विचारावे.

*६. उतरवणे.* सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी हीच. उपनगरात फोन केला की हायड्रा येते, गावात येईलच असे नाही. गाडी निघण्याआधी तालुक्याच्या ठिकाणची क्रेन ठरवून ठेवावी. क्रेन नसेल तर गाडीच्या फळीइतक्या उंचीचा, चांगला दाबलेला मातीचा बांध तयार ठेवावा, गाडी त्याला टेकवून उभी करावी आणि यंत्र सरळ रेषेत सावकाश ओढून घ्यावे. झाडाच्या फांदीला किंवा शेडच्या कैचीला चेन पुली बांधून तीन टन उचलण्याचा प्रयत्न करू नये. जेसीबीच्या बकेटच्या दातांना साखळी अडकवूनही उचलू नये.

यंत्र जिथे दुरुस्त होणार तिथेच उतरवावे. एकदा उतरले की तिथून ते स्वतःच्या चाकांवरच निघणार आहे.

पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन तेल, हायड्रॉलिक तेल आणि सर्व फिल्टर बदलावेत. डिझेल टाकी धुऊन घ्यावी, लाइनमधील हवा काढावी. सुरू झाल्यावर काही मिनिटे कमी वेगावर ठेवून गळती पाहावी आणि मगच आर्म व चाके हलवावीत. सीटचा स्विच किंवा सुरक्षा दांड्याची वायर "सतत अडथळा नको" म्हणून थेट जोडून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. तशी जोडणी आढळली तर आधी ती काढून स्विच दुरुस्त करावा. गोठ्यात मुले, मजूर, जनावरे जवळ असतात. चालक उठल्यावर यंत्र आपोआप थांबलेच पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी किंवा दूध उत्पादक गट असा सौदा घेऊन आला तर त्याला चार प्रश्न विचारावेत. चालू यंत्राची किंमत काढली आहे का? मालकी आणि बोजा तपासला आहे का? दोन्ही टोकांची क्रेन ठरली आहे का? दुरुस्ती करणारा माणूस कोण? चारही उत्तरे मिळाली तर जुने बंद यंत्र गटासाठी चांगली खरेदी ठरू शकते. एकाचेही उत्तर "बघू नंतर" असे असेल, तर इसार देण्याआधी आठ दिवस थांबायला सांगावे.